पुसलेल्या टिंबांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण नववी पास (दहावीला बसलो नाही), अविवाहित, काम जुने नाजूक कागद स्कॅन करण्याचे, डोके ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाखाली नव्हे तर स्वतःच्याच भीतीपोटी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "किरकोळ आहे" म्हणाले. ताई म्हणाली, "अरे, हर्नियाला कुणी मृत्युपत्र करतं का? तू दाढी करायला जातानाही करशील." तिचे म्हणणे नोंदवून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या मालकीचे घर नाही. भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट ताईने घ्यावे. खिडकीची कडी मी स्वखर्चाने बसवली आहे, पण त्यावरून घरमालकाशी भांडू नये.

२. बँकेत जे असेल ते ताईचे. दाजींनी त्यातून मोटरसायकल दुरुस्त करू नये.

३. दोन मऊ ब्रश, पान उचलायची चपटी पट्टी आणि काळे मखमली कापड स्कॅनिंगच्या दुकानाच्या मालकांना द्यावे. पानाखाली कापड घातले की फाटकी कड नीट दिसते. कापड धुऊ नये, झटकावे. ट्रायपॉड दाजींकडेच आहे. त्यांनी तो एका दिवसासाठी नेला होता. आता तो त्यांचाच. "फोटो काढायचं काम, त्यात डोकं कसलं लागतंय?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. मला ते फार लागले होते. पुढचे कलम वाचून त्यांना हसू येईल. येऊ द्यावे.

४. या कलमासाठीच बाकीचे सगळे लिहिले आहे. काळी हार्ड डिस्क व्हायोलिनवाल्या बाईंना द्यावी.

बाईंचे वडील धुना रचायचे. त्यांच्या हातचे, पाच रेघांवर लिहायच्या पाश्चात्त्य नोटेशनचे कागद बाईंनी पत्र्याच्या डब्यात जपले होते. पान उचलले की कडेचा चुरा व्हायचा. मी श्वास रोखून एकेक पान स्कॅन केले, एकही फाटू दिले नाही. पुढे मालक म्हणाले, "डाग फार दिसतायत, पानं स्वच्छ करून दे." जुन्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात. बारीक ठिपका म्हणजे डाग, असे मी प्रोग्रामला सांगितले आणि सगळी पाने एकदम लावून दिली. पाने लख्ख झाली.

मला नोटेशन वाचता येत नाही. कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. स्वराच्या उजवीकडे टिंब असले तर तो स्वर दीडपट लांबवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते.

बाईंना बारीक दिसत नाही, म्हणून स्वच्छ पाने मोठी करून छापून दिली. मूळ कागद पेटीत सीलबंद झाले, पुन्हा हाताळले तर उरणार नाहीत. काही दिवसांनी बाई म्हणाल्या, "मला हे असं आठवत नाही रे. बाबा इथे रेंगाळायचे." मग स्वतःच म्हणाल्या, "पण कागदावर तसं नाही. म्हणजे माझंच डोकं जायला लागलं. कागद कशाला खोटं बोलेल?"

घरी येऊन मी काळ्या डिस्कवरचे न पुसलेले स्कॅन उघडले. टिंबे होती, शाईची. माझ्या लिहिण्यातला एक अनुस्वार गळला तर मला चैन पडत नाही, आणि त्यांच्या वडिलांची सगळी टिंबे मी डाग म्हणून पुसली.

त्यानंतर मी दोनदा बाईंकडे गेलो, चहा प्यालो आणि काही न सांगता उठून आलो. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "शिकवण्या बंद केल्या. जिचं डोकं चालत नाही तिने पोरांना काय शिकवायचं? व्हायोलिनही देऊन टाकते. तू होतास म्हणून बाबांचं खरं काय ते तरी राहिलं." मी चपलेचा अंगठा बघत बसलो.

तरी माझ्या पश्चात डिस्क देताना ताईने त्यांना सांगावे की बाई, तुम्हाला बरोबर आठवते आहे. कागदही बरोबर होता. घोळ मधल्या माणसाने घातला.

शेरा: हे शुद्धलेखन तपासायला ताईला दिले होते. ती म्हणाली, "हे मी सांगायचं? तू मेल्यावर? आणि नाही मेलास तर? तर बाई वेड्याच ना?" मी डिस्क पिशवीत घातली.

आज सकाळी डिस्क आणि लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेलो. उभ्यानेच सगळे सांगितले. बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "गाढवा, मी घरात चिठ्ठ्या चिकटवत सुटले होते. गॅस बंद केला का, किल्ली घेतली का." मला कुठे तोंड लपवावे ते कळेना. त्यांनी व्हायोलिन काढले आणि छापील पान उलटे ठेवून आठवणीतून वाजवायला घेतले. मध्येच थांबल्या.

"इथे टिंब आहे?"

मी स्कॅन मोठा करून पाहिला. "आहे."

"आणि इथे?"

"आहे."

"इथे?"

तिथे नव्हते. हो म्हणावेसे फार वाटले. "नाही," म्हणालो.

"नसेल. तिथे मीच लांबवते. बाबा ओरडायचे."

माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही. डिस्क त्यांच्याकडेच ठेवून आलो, ती आता माझ्या मिळकतीत नाही. सबब कलम ४ रद्द समजावे. ते एका रेघेने खोडले आहे, खालचे वाचता येते, तसेच राहू द्यावे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे ऐकले आहे. बाईंना आता यातून काहीही मिळत नाही, म्हणून त्यांना विचारले. "आण इकडे," म्हणाल्या.

स्थळ: राहती खोली
दिनांक: १४, मंगळवार

सही (स्वहस्ते)

साक्षीदार:
१. समोरचा चावीवाला (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले)
२. व्हायोलिनवाल्या बाई (मजकूर मोठ्याने वाचून घेतला, कलम ४ दोनदा)