कोकोको चालत नाही

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय कोंबडे,

भरभरून आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. उत्तराला उशीर झाला त्याला कारण आहे, सांगते.

दुकानात फ्रॉकचं काम आलंय. काल घेराच्या कळ्या बेतत होते. एक तिकोनी तुकडा दुसऱ्यावर ठेवला, टोकाला टोक, काठाला काठ, कुठे सूतभरही बाहेर नाही, आणि एकदम तुझी आठवण आली. एकरूप त्रिकोण! बाबाबा म्हणजे तिन्ही बाजू सारख्या, बाकोबा म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन, कोबाको म्हणजे दोन कोन आणि मधली बाजू. तुला ही एकाच घरातल्या म्हाताऱ्यांची नावं वाटायची. मग चौथा म्हातारा तू स्वतःच जन्माला घातलास, कोकोको, म्हणजे नुसते तिन्ही कोन, आणि परीक्षेत लिहून आलीस. बाईंनी भर वर्गात विचारलं की ही कसोटी आहे का कोंबडी, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

घरी येऊन काय रडली होतीस गं. मी रद्दीतून दोन त्रिकोण कापून दिले, एक तळहाताएवढा, एक उशीएवढा. कोन ताडून पाहिलेस, तिन्ही तंतोतंत. तरी हटून बसलीस की दिसतात तर सारखेच. छोटा मोठ्यावर ठेवून दाखवला तेव्हा कुठे गप्प झालीस. एक तरी बाजू मोजल्याशिवाय काही खरं नाही, हे तेव्हा पटलं तुला. मग दोघी किती हसलो. ते दिवस फार आठवतात मला.

बरं, आता मुद्द्याचं. तुझं पत्र माझ्याआधी आईनं वाचलं. कायमची माझ्याकडे राहायला येऊ का, असं तू विचारलंयस, म्हणून तिनं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि तिथेच राहा असं तुला समजवायला सांगितलं. नवरे रुसतातच, माझा रुसायचा, आपले वडीलही अबोला धरायचे, तिनं आणि मी निभावलंच ना, असं तिचं म्हणणं. तो कागद मी इतके दिवस टाळत होते.

तुझे भावोजी रुसायचे, खरंय. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शर्ट पुढे करून बटण तुटलंय म्हणायचे, आणि ते बहुतेक त्यांनीच तोडलेलं असायचं. तुझा नवरा मुलीच्या लग्नापासून, इतकी वर्षं, तुझ्याशी एक शब्द बोललेला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर फ्रीजवर चिठ्ठी लावतो.

आज सकाळी आईला म्हटलं, "आई, हे तुझं कोकोको झालं. त्याचा रुसवा केवढा आहे, मोजलास का?"

तिनं तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "तिची गादी उन्हात टाक."

टाकली आहे. तू ये. आल्यावर हवं तेवढं बोल.

तुझी ताई,
आणि शेजारी बसलेली आई