पाटीवर लिहिलं ते

५ फेब्रुवारी, सोमवार

आज आजींना खोटं लिहून दाखवलं. मुद्दाम!

आजींचे कान दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेले. यंत्र लावलं तर नुसतं घूं घूं होतं म्हणतात. डोळे मात्र चष्मा लावला की घारीसारखे. म्हणून त्यांच्या मुलानं पाटी आणून ठेवली. मी लिहायचं, त्यांनी वाचायचं. तो आणि सूनबाई दिवसभर कामावर, घरात आम्ही दोघीच. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि आजी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या! मी तीन शब्द लिहिले की त्या दोन चुका काढतात. वर मलाच मास्तरीण म्हणतात. "मास्तरीणबाई, वेलांटी घरी विसरून आलात वाटतं?" घ्या.

दुपारी दीडला मालिका. "मी काही बघत नाही हं असलं. चालू असतं आपलं." आणि सव्वालाच चष्मा पुसून तयार! टीव्हीतले बोलतात, मी लिहिते. पण एवढं कोण लिहिणार? ती रडूबाई पाच मिनिटं बोलते, मी लिहिते – नको म्हणते. तिचा मिशीवाला नवरा घसा फोडून ओरडतो, मी लिहिते – चिडलाय. भागतं.

आज रडूबाई नवऱ्याचं घर सोडून आली. मारतो तो. हातात बॅग, आईच्या दारात उभी. आई म्हणजे ती मोत्यांवाली, झोपताना पण मोती काढत नाही. तिनं भाषण ठोकलं. बाईच्या जातीनं सोसायचं असतं, घर मोडायचं नसतं, जा परत. माझं डोकंच फिरलं. कोण लिहितं हे? कुठं बसून लिहितात? मी पाटीवर लिहिलं – ये आत. तुझंच घर आहे.

मग मोत्यांवालीचं तोंड तीनदा दाखवलं, ढँग ढँग ढँग, आणि संपलं.

आजी पाटीकडे बघत बसल्या. चूक पण काढली नाही.

६ फेब्रुवारी

आज मोत्यांवालीनं दार लावून घेतलं. रडूबाई बाहेर. मी फडकं घेऊन टीव्हीच पुसायला लागले. "बाजूला हो! काचेची आहेस का तू?" झालीच की पंचाईत.

"दार का लावलं?"

नवरा मागून येईल म्हणून, लिहिलं.

"पण पोर बाहेरच दिसतेय की!"

मागच्या दारानं घेतात.

हे मला सुचतं कुठून?

७ फेब्रुवारी

रडूबाई मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. मी लिहिलं, आईची मागची खोली. "मग आई कुठाय?" कामाला गेली. "मोती घालून?" मला हसू फुटलं. आजी हसल्या नाहीत. जेवल्या पण नाहीत. ताट तसंच आत नेलं.

९ फेब्रुवारी

तीन दिवस धड खाणं नाही. आज मी चिडले. पाटीवर मोठ्ठं लिहिलं – काय दुखतंय??

आजी म्हणाल्या, "मी बॅगसुद्धा आत घेतली नव्हती."

मला कळेना. मग सांगत गेल्या, माझ्याकडे न बघता. आजींना एक मुलगी आहे. थोरली. या घरात तिचं नाव निघत नाही, मला दोन वर्षांत पत्ता नाही! चौदा वर्षांपूर्वी ती अशीच सकाळी आली. ओठ फुटलेला. आजी शाळेत निघालेल्या. "मी म्हटलं, आज माझ्या शाळेत तपासणी आहे. तमाशा नको. तुझ्या घरी जा, रविवारी बोलू. ती आली ती गाडी उभी होती खाली. मी वरूनच गाडीवाल्याला हाक मारली – थांब, हिला परत न्यायचंय."

तो रविवार काही आला नाही. पुढं थोरलीनं स्वतःच नवरा सोडला. याच शहरात राहते, एकटी. चष्म्याच्या दुकानात काम करते. आजींना चष्मा लागला तेव्हा मुलगा मुद्दाम दुसऱ्या दुकानात घेऊन गेला.

"आणि ती टीव्हीतली अडाणी बाई," आजी म्हणाल्या, "ती म्हणाली, ये आत. मी दोन पदव्यांची. मला नाही आलं म्हणता."

ती पण नाही म्हणाली हो आजी! मी म्हटलं ते! पण लिहिलं का हे? नाही. पाटी पुसली आणि दूध गरम करायला गेले. भेकड कुठली.

खरं तर मला कोणी तसं म्हणायला हवं होतं. माझी आई मला तीनदा नवऱ्याकडं पोचवून आली होती. चौथ्यांदा मी तिच्याकडं गेलेच नाही, परस्पर कामाला लागले. म्हणजे ते ये आत मी मलाच लिहून घेतलं, आणि सुरी फिरली या म्हातारीच्या काळजावरून.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजचं कसं लिहू? पण लिहिते. वहीशिवाय कोणाला तोंड दाखवू?

मालिकेआधीच आजींनी पर्समधून कागद काढला. थोरलीचा नंबर, खाली पत्ता. "लाव." मी मान हलवली, नको. "लाव म्हणते ना!" मुख्याध्यापिकेचा आवाज. लावला.

पलीकडे उचलल्याचं मी खुणेनं सांगितलं. आजींनी फोन तोंडासमोर धरला आणि भिंतीला तडे जातील अशा ओरडल्या, "मी आई बोलतेय! चुकलं माझं! घरी ये!" आणि फोन माझ्याकडे. ऐकायला.

मी कानाला लावला. मग – "तुम्ही कोण?"

"मी त्यांना सांभाळते. त्यांना ऐकू येत नाही आता. तुम्ही सांगाल ते मी लिहून दाखवते."

"मग लिहा. मला आई होती. ती तपासणीला गेली. परत आली नाही. पुन्हा फोन करू नका."

ठेवला.

आजी माझ्या हाताकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही, हाताकडे. खडू कुठं टेकतोय तिकडे. आणि मी लिहिलं – येते म्हणाली. रविवारी.

रविवारी का लिहिलं? दुसरा वार नव्हता का?

आजी पाटी छातीशी धरून बसल्या. पुसू देईनात. ब्लाउजला सगळा खडू लागला.

१३ फेब्रुवारी

आज जेवल्या. दोनदा वाढून घेतलं. मी माझा डबा तसाच परत नेला.

१५ फेब्रुवारी

मालिका लावली नाही. "आता कशाला ते?" म्हणाल्या आणि कपाट आवरायला काढलं. मला म्हणाल्या, "मुलाला बोलू नकोस हं आत्ताच. ती आली की कळेलच त्याला. तोंड बघायचंय मला त्याचं!" पोरीसारख्या खिदळल्या.

सांगावं म्हणून चारदा पाटी हातात घेतली. चारदा दुसरंच लिहिलं. औषध घ्या. पंखा लावू? पाणी हवं? चहा टाकू?

१८ फेब्रुवारी, रविवार

माझी सुट्टी. तरी गेले. मुलगा आणि सूनबाई लग्नाला गेलेले, बरं झालं.

आजी नऊ वाजता इस्त्रीचे कपडे घालून खिडकीशी. खाली गाडी थांबली की उठायच्या. कितीदा उठल्या, कितीदा बसल्या, देव जाणे. मी म्हटलं, म्हणजे लिहिलं, जरा आडव्या व्हा. "मी आडवी आणि ती दारात! पुन्हा तेच?" चार वाजले. पाच वाजले. मी तिथंच होते, पाटी टेबलावर होती, खडू होता. एक ओळ लिहायची होती.

सहाला स्वतःच म्हणाल्या, "काम निघालं असेल तिचं." आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. माझ्या! "तू नको वाईट वाटून घेऊ. सुट्टी मोडलीस बाई माझ्यासाठी."

त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

दारातून आत पाऊल टाकते तोच आजींनी हात धरला. रात्रभर झोप नाही. "तिला काही झालं असेल गं. अपघात. ती दिलेला शब्द मोडणारी नाही. दवाखान्यांतून चौकशी करायला लाव मुलाला. फोन कर त्याला. आत्ता!" हातपाय गार पडलेले त्यांचे.

मग मात्र लिहिलं. उभ्या उभ्या. ती येते म्हणाली नव्हती. मी खोटं लिहिलं. पाटी पुसली. ती म्हणाली मला आई होती ती तपासणीला गेली परत आली नाही पुन्हा फोन करू नका.

आजींनी वाचलं. परत वाचलं.

"आणि ती मोत्यांवाली?"

तिनं पण दार लावलं. ते पण मीच लिहिलं.

"बाहेर हो."

स्वयंपाकघरात जाऊन बसले. पिशवी भरून ठेवली. हाकललं तर चपला घालायच्या आणि निघायचं, रडायचं नाही. रडले. तासाभरानं हाक आली, "मास्तरीण!"

गेले. पाटी तशीच मांडीवर.

"यातला एखादा शब्द गाळलायस?"

नाही.

"भर घातलीस?"

नाही. आईशप्पथ.

"नशीब," आजी म्हणाल्या. "म्हणजे ती जिवंत आहे. चांगली धडधाकट आहे. बोलतेय अजून माझीच मुलगी असल्यासारखी." मग डोळे पुसले. "तू नालायक आहेस." मी मान हलवली. हो. "उद्या गाडी बोलाव. तिला कशाला बोलावते मी? तपासणीला गेले होते मी. परत मीच जायला पाहिजे."

२० फेब्रुवारी

दुपारी चष्म्याचं दुकान बंद असतं, तेव्हा गेलो. थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर आजी बसल्या, मी मागून हात लावून उभी. म्हणाल्या, "पडले तर तू खाली सापडशील, बरंच होईल."

बेल मी दाबली. दार साखळीइतकंच उघडलं. आजींचंच नाक, आजींचेच डोळे. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जा म्हणावं तिला."

"काय म्हणते?" आजींनी विचारलं.

लिहिलं – जा म्हणते.

थोरलीनं साखळीच्या फटीतून पाटी वाचली. मी काय लिहिते ते बघायला थांबली होती बहुतेक! मग दार लावलं.

"बरं," आजी म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. एक तास. वरचा माणूस खाली गेला, परत वर आला, म्हणाला, "कोणाकडं आलाय?" आजींना ऐकू नाही. मी म्हटलं, "लेकीकडं." तो निघून गेला.

२१ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. दार उघडलंच नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आजी म्हणाल्या, "आत आहे का?" आहे. "काही बोलते का?" नाही. "खरं?" खरं. आता प्रत्येक शब्दाला खरं विचारतात. विचारू देत. कमावलंय मी ते.

२२ फेब्रुवारी

मुलाला कळलं. मला म्हणाला, "तुम्हाला औषधं द्यायला ठेवलंय का असली नाटकं करायला? आईला काही झालं तर?" बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, उद्यापासून नाही येत. आजी आमच्या तोंडांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काय ठरतंय?" मी लिहिलं – उद्यापासून मी नाही. आजी मुलाकडे वळल्या. "हिला काढलंस तर मला खरं कोण लिहून दाखवणार? तू? तू चौदा वर्षांत एक ओळ लिहिलीस?"

तो आत निघून गेला. मला खरं लिहिणारी म्हणाल्या. मला! जमीन दुभंगावी असं झालं.

२३ फेब्रुवारी

गेलो. दोन तास. गुडघे सुजलेत आजींचे. पायरी गार असते. दार बंद.

२४ फेब्रुवारी

आज बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. थोरलीनं एक खुर्ची बाहेर आणून ठेवली, पाठीला उशी असलेली. आणि दार परत लावून घेतलं. साखळी लावल्याचा आवाज आला नाही.

"काय म्हणाली?" आजींनी विचारलं.

काही नाही, लिहिलं. खरंच काही म्हणाली नाही.