आमच्या दरीचं जांभळं फूल

१२ जून
ते आमचं नाहीच!

शहरातून आलेल्या वनस्पतीवाल्या बाईंनी सभागृहात सगळ्यांसमोर सांगितलं — आपण बुनादवर, म्हणजे सणाच्या पोशाखावर, भरून मिरवतो ते जांभळ्या तुऱ्याचं फूल म्हणजे ल्युपिन. मूळचं अमेरिकेतलं. रुळांच्या कडेची माती धरून ठेवायला रेल्वेवाल्यांनी पेरलं. तिथून रस्त्याच्या कडा, नदीकाठ, आता चर्चची भिंतसुद्धा. मुळं वर्षानुवर्षं जगतात, शेजारी दुसरं काही वाढू देत नाहीत.

पोशाख समितीच्या अध्यक्ष गुडवाइगबाईंनी कॉफीचा कप बशीत ठेवला. दरीचा सणाचा पोशाख ठरवताना ‘आपल्या पणज्यांचं फूल’ म्हणून त्यांनीच हे निवडलं होतं. पणज्यांना कोणी विचारलं नव्हतं.

१३ जून
सकाळी चर्चची घंटा वाजवायला जाताना भिंतीपाशी थांबलो. पान पसरलेल्या तळहातासारखं, मधोमध दवाचा थेंब. देवाने दव देताना चौकशी केलेली दिसत नाही.

२ जुलै
समितीचा ठराव — ल्युपिन उसवायचं, तिथे निळी घंटाफुलं भरायची. न उसवणाऱ्यांनी सणाला बुनाद घालू नये.

सप्टेंबरात माझ्या सुन्निवाचं दृढीकरण — वयात आलेल्या पोरांनी चर्चमध्ये श्रद्धा कबूल करायचा विधी. नातीसाठी आई दोन हिवाळे तो बुनाद भरतेय. तिची नजर आता गेल्यातच जमा, उरलेले टाके बोटांनी चाचपत घालते; पुन्हा भरणं व्हायचं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

५ जुलै
माझं काम गुडवाइगबाईंनीच केलं. घरी आल्या, वाफल खाता खाता आईला समजावू लागल्या.

“मार्गितआजी, मनाला लावून घेऊ नका. पण ते रुळांवरून आलेलं परकं आहे हो.”

आईने सुई थांबवली नाही.

“आमचे हेही रुळांवरूनच आले. स्वीडनहून, खांद्यावर फावडं घेऊन.” मग माझ्याकडे हनुवटी केली. “ह्यालाही उसवू का?”

माझ्या तोंडात अर्धा वाफल. बाईंनी आणखी एक घेतला आणि हवेचा विषय काढला.

१९ ऑगस्ट
समितीच्या बायकांचं उसवून, भरून झालं म्हणे. आई हटत नाही. भर चर्चमध्ये पोरीला कोणी टाकून बोलू नये, एवढंच मागितलं देवाकडे.

७ सप्टेंबर, रविवार
सुन्निवा ल्युपिन लेऊन वेदीपुढे उभी राहिली. पुढच्या बाकावर समिती, घंटाफुलांत. पण त्यांच्या जुन्या बुनादांचं बाकीचं कापड उन्हाने विटलेलं. ल्युपिन उसवलं तिथे, टाक्यांखाली झाकलेलं, मात्र नवंकोरं. खिडकीतून ऊन आलं आणि प्रत्येकीच्या घंटाफुलांमागे ल्युपिन उमटलं — गडद, तुऱ्यासकट.

बाहेर पडताना गुडवाइगबाई आईच्या कानाशी वाकल्या. जांभळा दोरा थोडा उरलाय का, विचारत होत्या.