उमेदवार पुढे, परीक्षक मागे

तीर्थरूप अक्का हिला धाकट्या भावाचा, गुडघा न वाकवता जमेल तेवढा नमस्कार.

तू खुशाल असशील असं धरून चालतो. भावोजींची कंबर आता बरी असेल, आणि नसेल तर निदान तिचं वर्णन ऐकायला त्यांना दुसरं कुणीतरी मिळालं असेल. लेक तुझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. ती नीट जेवते का, हे मी विचारत नाही, कारण माझ्याकडे असतानाही ती नीट जेवत नव्हती. जाताना तिने घातलेली अट तुला ठाऊक आहे : बाबांनी एक दिवस त्या मुलाबरोबर काढावा आणि मग हो की नाही ते त्याच्या तोंडावर सांगावं, तोवर मी घरी येणार नाही. तू मागच्या पत्रात ‘काय झालं ते सविस्तर कळव’ असं दोनदा लिहिलंस, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून. म्हणून सविस्तर कळवतो.

मुलाविषयी माझा आक्षेप तुला माहीत आहे. मुलगा सभ्य आहे, स्वतःचं दुकान आहे, पण ते सायकलींचं आहे. मी सव्वीस वर्षं लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतो आहे. तिशी उलटलेल्या धडधाकट माणसाने आपण होऊन पायडल मारावं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तर या सायकलवाल्याने सुचवलं की आपण दोघे समुद्रकाठच्या कच्च्या वाटेने माउंटन बाईकवर फेरी मारू, दृश्य फार छान आहे. मी चार दिवसांची रजा टाकली. (साहेबांनी विचारलं, कोण गेलं? मी नऊ वर्षांत रजा घेतली नव्हती.) समुद्राकडे जाण्यासाठी डोंगरातली सायकल कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला की काका, समुद्रापर्यंत जायला डोंगर उतरावा लागतो. उत्तर बरोबर होतं, त्यामुळे मला ते आवडलं नाही.

आता हळू वाच. मी ठरवलं की मुलाची रीतसर परीक्षा घ्यायची, फक्त त्याला कळू द्यायचं नाही. कार्यालयाचे छापील कागद खासगी कामाला वापरत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी घरीच पट्टीने रकाने आखले. वीस बाबी, प्रत्येकी पाच गुण, उत्तीर्ण व्हायला साठ. निघण्यापूर्वी त्याने दोन्ही सायकलींची हवा आणि ब्रेक तपासले, पाच. माझ्या हेल्मेटचा पट्टा न विचारता आवळला, तीन. आरशाचा वापर, शून्य, कारण सायकलला आरसा नव्हता.

अडचण अशी की आमच्या कामात परीक्षक उमेदवाराच्या शेजारी बसतो. इथे मला मागे राहावं लागलं, नंतर बरंच मागे राहावं लागलं, आणि पहिल्या चढानंतर उमेदवार म्हणजे लांबवर एक पिवळा शर्ट एवढंच उरलं. न दिसणाऱ्या माणसाला गुण कसे द्यायचे याबद्दल नियमावलीत काही नाही. मी ‘अंतर राखणे’ यात पैकीच्या पैकी दिले. दर वळणावर मी कागद काढायला थांबे. त्याला वाटे काका दमले, म्हणून तोही पुढे थांबून राही, आणि ‘विनाकारण थांबणे’ या बाबीत त्याचे गुण कापले जात. (मी दमलोही होतो, पण ते त्याला कळायचं काही कारण नव्हतं.) या सगळ्या काळात समुद्र माझ्या डाव्या हाताला होता असं म्हणतात.

पुढे एक माणूस वाटेशेजारी होडी उलटी घालून तिला रंग देत होता. त्याला सावध करावं म्हणून मी हँडलवरचं बटण दाबलं. ती घंटा नव्हती. या सायकलींना उतारासाठी सीट खाली घेण्याची सोय असते, आणि ती सीट आपण बसलेलो असताना आपल्यासकट खाली जाते. माझे गुडघे कानांशी आले. होडीवाल्याने ब्रश थांबवून, धाकट्या भावाची सायकल घेऊन आलास का, एवढं विचारलं आणि पुन्हा रंगाला लागला. मी तसाच, त्याच उंचीवरून, अर्धा मैल गेलो. सीट वर घ्यायला तेच बटण दाबून उभं राहायचं असतं, हे सायकलवाल्याने नंतर सांगितलं. सांगताना तो हसला नाही. मी त्याच्याकडे बारकाईने बघत होतो.

मुख्य उतारावर तो उतरून उभा होता. म्हणाला, “काका, इथे चालत जाऊ या, खडी सुटलेली आहे.” आता तूच सांग, सव्वीस वर्षांत कुठल्या परीक्षकाने उमेदवाराची सूचना मानली आहे? मी पुढे गेलो. दिवसभरात पहिल्यांदा मी पुढे होतो. मध्यावर मी पुढचा ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली, ब्रेकबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मी मात्र थांबलो नाही. झुडपांवरून जाऊन एका सपाट खडकावर पडलो, आणि तिथून समुद्र प्रथमच नीट पाहिला. निळा आहे. माझा गुडघा सोलवटला, बाकी सारं जागच्या जागी आहे.

तो धावत आला. जखम पुसायला माझ्या खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर तो कागद बाहेर आला. त्यावर वर त्याचं नाव होतं, खाली बेरीज बावन्न, आणि शेरा ‘अनुत्तीर्ण’. त्याने सगळा वाचला. अक्का, मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण खाली खडक होता. तो म्हणाला, काका, बेरीज चुकली आहे, सत्तावन्न होतात. मग म्हणाला, तरी नापासच. कागदाची नीट घडी करून त्याने माझ्या खिशात परत ठेवला आणि गुडघा बांधायला घेतला.

त्याची सायकल होडीवाल्याकडे ठेवली. मला माझ्या सायकलवर बसवून, एक हात हँडलला आणि एक सीटला धरून, त्याने चार किलोमीटर ढकलत नेलं. वाटेत त्याने सांगितलं की तुमच्या लेकीलाही मी सायकल अशीच शिकवली, सीटला धरून. तिला सायकल येते हेच मला माहीत नव्हतं. आठ वर्षांची असताना तिने माझ्याकडे हट्ट धरला होता, तेव्हा मी म्हटलं आधी नियम शिक, आणि वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक आणून दिलं. तिने ते पाठ केलं. सायकल राहिली. तो म्हणाला, ती अजून दर वळणावर तुमचे नियम मोठ्याने म्हणते. मला वाईट वाटलं, अक्का. फार वाईट वाटलं. तिच्या सीटला मी एकदाही हात लावला नव्हता.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की जी वस्तू वाहनात नसते तिचा प्रश्न नियमाप्रमाणे बाद होतो. मग आरशाचे पाच वजा होऊन उरले पंच्याण्णव, आणि त्यातले सत्तावन्न म्हणजे बरोबर साठ टक्के. मी तीनदा करून पाहिलं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सगळ्या बाबींचा विचार करून निर्णय यथावकाश कळवीन.

भावोजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. हे सगळं फोनवर का नाही, असं लेक विचारील. मी तिला बोलावून दे असं म्हणायला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा तू उचललास, आणि तिन्ही वेळा मी तुमच्याकडे पाऊस आहे का ते विचारलं.

ता. क. २. ‘बाकी सारं जागच्या जागी’ हे मनगटाला लागू नाही. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, सहा आठवडे.

ता. क. ३. तेव्हा हे अक्षर कुणाचं, हा प्रश्न तुला पडेल. तो दुकान बंद करून रोज येतो, माझ्या शर्टाची बटणं लावतो, भाजी चिरतो. आज दोन तास जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसून मी बोलेन ते लिहितो आहे. त्याच्याविषयी वर जे काही आहे त्यातला एक शब्द त्याने गाळला नाही. ‘त्याला अजून सांगितलेलं नाही’ हे वाक्य तोंडातून निघताच खोटं झालं, तेही त्याने लिहिलं. लेकीला सांग, तिची अट त्याच्या तोंडावर सांगायची होती, कागदावर नव्हे. तर मी त्याच्याकडे बघून ‘हो’ म्हणालो आहे. रविवारच्या गाडीने तिला पाठव.

(आत्या, हा कंस माझा आहे, काकांनी सांगितलेला नाही. ते खरंच म्हणाले. पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले.)