शिंजीर, टांगती कुंडी आणि मल्लव्वा

आत्ता शेजारच्या बाल्कनीतून छत्रीची मूठ आत आली. टांगत्या कुंडीतली एक फांदी तिनं खाली ओढली. फांदी परत वर गेली तेव्हा तिच्यावर एकही फूल नव्हतं. मी खोकलो. मूठ थांबली, मग दुसऱ्या फांदीकडे वळली.

असो. तीर्थस्वरूप मालतीताईस चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? आम्ही नवराबायको ठीक. उत्कर्षाचं बीपी दिवसभर ताब्यात असतं, माझं सकाळची पूजा उरकल्यावर (शेजारची). फोन न करता लिहितो आहे, कारण जुळे सोलापुरातल्या या भिंतींतून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, आणि विषय शेजारचाच आहे. कागदाचा फोटो पाठवीन.

सुरुवात तू केलीस. ह्यूस्टनच्या तुझ्या ओसरीत लाल फुलांची टोपली टांगलीस, हमिंगबर्ड आले, आणि तू व्हिडिओ पाठवलास (नंतर आणखी बरेच). मी लगेच नर्सरीत गेलो. तो पक्षी भारतात नसतो, हे मला तारेची टोपली, काथ्या आणि माती घेऊन झाल्यावर सांगण्यात आलं. आपल्याकडे शिंजीर असतो. जवळजवळ तेवढाच, वाकड्या चोचीचा, फुलांतला मध पिणारा. त्याच्यासाठी नर्सरीवाल्यानं लाल नळीसारख्या फुलांचं एक झुडूप दिलं. तो त्याला फटाका म्हणतो. टांगती कुंडी लवकर वाळते, आणि आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, ही दोन वाक्यं मी आधी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, सगळं झाडाला जाऊ लागलं. (यापुढे मी आंघोळही कुंडीत बसूनच करावी, असं उत्कर्षाचं म्हणणं.)

फुलं आली. शिंजीर आला, पाठोपाठ मादी, आणि त्यांच्याआधी मल्लव्वा. तुझ्या अक्कलकोटच्या जुन्या घरमालकीण, तुला कन्नड शिकवणाऱ्या. पाडव्यापासून मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आल्या आहेत. रोज उजाडताच त्या लिंगपूजेसाठी फुलं काढतात, मग बराच वेळ घंटा वाजवतात. मी एकदा विनंती केली. म्हणाल्या, "पाखराला फुलं कुटंबी मिळत्यात की, सर. देवाला गुडघ्यानं कुटं जाता येतंय?" गुडघे त्यांचे होते.

दरम्यान झाडाला नजर लागू नये म्हणून उत्कर्षानं कुंडीखाली काळी बाहुली बांधली. मादीनं त्या बाहुलीच्या दोरीवरच घरटं विणलं. कोळ्याची जाळी, कापूस, एसटीचं अर्धं तिकीट. आता त्यात दोन पिल्लं आहेत. रोज पहाटे झाड रिकामं दिसलं तर मादी पिल्लं टाकून जाईल, अशी मला भीती आहे. (उत्कर्षा म्हणते, ती पिल्लांना कोळी भरवते. ती स्वतः काय पिते, यावर उत्कर्षा बोलत नाही.)

काल मी शास्त्राचा आधार घेतला. मल्लव्वांना म्हटलं, आमच्या बाल्कनीत जन्म झालाय, सोयर आहे, इथली फुलं देवाला चालणार नाहीत.

"आमच्यात सोयर-सुतक न्हाय," त्या म्हणाल्या. "गळ्यात लिंग असल्यावर कसला इटाळ? आनि तुमी कधीपास्नं पाळाय लागला, सर?"

"पिल्लं झाल्यापासून."

"किती झाली?"

"दोन."

"लई बरं झालं की!" असं म्हणून त्यांनी पिल्लांच्या नावानं देवाला आणखी दोन फांद्यांची फुलं वाहिली.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
चिंतामणी

ता. क. मुद्दा राहिलाच. तू मल्लव्वांना फोन कर. कन्नडमध्ये सांगितलेलं त्या ऐकतात. पिल्लं उडेपर्यंत फुलं झाडावर राहू द्या, एवढंच सांग. मी सांगितलं असं म्हणू नकोस. व्हिडिओत पाहिलं म्हण.

पुन्हा ता. क. फोटो पाठवायचा राहून गेला, आणि आता दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. फोन करू नकोस. पिल्लं उजाडताना उडाली आणि मल्लव्वांच्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली. मादी त्यांना तिथंच भरवते आहे. पूजा झाली, पण मल्लव्वांनी आज घंटा वाजवली नाही.