समासातली पेन्सिल

३ फेब्रुवारी, सोमवार
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना राज्यशास्त्राचं धड वाचता येत नाही, लिहिता येत नाही. दर बुधवारी तास घ्या म्हणाल्या. तुमचे समासातले शेरे मुलं वर्षानुवर्षं जपून ठेवतात, तुमच्याशिवाय कोण? खरं आहे. शेरे घरी बायको पेन्सिलने लिहायची, मी शाईने गिरवायचो. म्हणजे अंतिम निर्णय माझाच.
ऑक्टोबरमध्ये ही गेली. आमच्याच कॉलेजची ग्रंथपाल होती, म्हणून वार्षिक अंकासाठी तिच्यावर एक पान वीस तारखेपर्यंत हवंय. एक पान! रविवारी उरकतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
पहिला तास. एकोणीस मुलं. सांगितलं, हातात पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक परिच्छेदाला तीन प्रश्न: मुद्दा काय? पुरावा काय? लेखक काय टाळतोय? (प्रश्न हिचे. पण हत्याराला मालक नसतो.) टाळलेलं ओळखायचं कसं, असं पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. पुढच्या वेळी, म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार
सुरुवात झकास. ‘ग्रंथालय हा लोकशाहीचा कणा होय.’ तेवढ्यात मेहुणी आली, हिचं कपाट आवरायला. वाचून म्हणाली, भाओजी, हे ताईबद्दल आहे की फर्निचरबद्दल? मी म्हटलं, अकॅडमिक लेखनात संयम लागतो. म्हणाली, हो, तुमचा संयम आम्ही दवाखान्यात पाहिलाय. दहा मिनिटांसाठी आत यायचात आणि पेपर तपासत बसायचात.
पेपर हीच मागायची, शेरे लिहायला. ते मेहुणीला सांगितलं नाही.
कपाटाची किल्ली सापडत नाही, म्हटलं. खिशात होती. पण मी शोधली नव्हती, तेव्हा खोटं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अकरा मुलं. परीक्षा जवळ आली असावी. निबंध तपासून दिले. एकेका निबंधाचा समास तासभर बघत बसलो होतो. शेवटी सगळ्यांवर ‘ठीक’ लिहिलं. थोडक्यात आणि स्पष्ट. पुढच्या बाकावरची म्हणाली, सर, ठीक म्हणजे काय ठीक? माझ्या बहिणीच्या निबंधावर तुम्ही निबंधापेक्षा जास्त लिहिलं होतं. म्हटलं, पद्धत बदलली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
पान पूर्ण. चार तळटीपा. ‘त्यांची उणीव संस्थेला जाणवत राहील.’ भावनेचा लवलेश नाही. मी सावरलो आहे, याचा हा लेखी पुरावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
पाच मुलं. छोटा गट शिकवायला बरा. नामी युक्ती केली: माझंच पान, लेखकाचं नाव काढून, उत्तम लेखनाचा नमुना म्हणून वाटलं. पेन्सिलने शेरे मारा म्हटलं. वर्ग पहिल्यांदाच चिडीचूप. म्हणजे प्रभाव पडला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी शेरे वाचले. एकाने लिहिलंय, तळटीपा छान. दुसऱ्याने नुसतं ‘ठीक’. कार्टं सूड उगवतंय. दोघांनी काहीच नाही.
पुढच्या बाकावरचीने पहिल्या परिच्छेदापाशी लिहिलंय, मुद्दा काय? दुसऱ्यापाशी, पुरावा काय? उणीव कुणाला जाणवते? संस्थेला की लेखकाला? आणि तळाशी, बारीक अक्षरात: या बाई लेखकाच्या कोण होत्या, हे पानभर टाळलंय. बाई वारल्या, हेसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.
मी पान पुन्हा वाचलं. खरंच नाही.
दुपारी विभागप्रमुख बाईंचा फोन आला, पान झालं का? झालंय म्हटलं, फक्त शेवटचा हात फिरवतोय.
मग बसलो. पेन उघडलं. त्या मुलीचा एकेक शेरा शाईने नीट गिरवला आणि खाली सही केली.