गुलाबाची मागची बाजू

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. कॉलेज सोडलेल्या माणसाला शिस्त हवी. (सोडलं. काढलं नाही. प्राध्यापकांच्या तोंडावर दार आपटून निघालो. ते मागे धावत येतील असा अंदाज होता. दीड वर्ष झालं.)
निश्चय : रागावर ताबा. पहाटे पाचला उठणं. महिनाअखेर तिला विचारून टाकणं.
आज उठलो सव्वानऊला. पण निश्चय दहाला केला, त्यामुळे हे धरायचं नाही.

३ एप्रिल
ती स्वतःहून बोलली! वाचनालयाच्या पायरीवर, चांगली वीस मिनिटं. विषय तिची आत्या, पण बोलत माझ्याशी होती.
आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही, भावाच्या घरी मागच्या खोलीत राहते. पस्तीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या कपाटातून इंजेक्शनं चोरीला गेली आणि गावच्या साप्ताहिकाने आत्याचं नाव छापून टाकलं. पुढे चौकशीत ती निर्दोष ठरली. साप्ताहिकाने खुलासाही छापला म्हणे. पण बातमी वाचली सगळ्या गावाने, आणि खुलासा एकट्या आत्याने. सख्खे भाऊसुद्धा अजून कपाटाला कुलूप लावतात.
आता दवाखान्याला पंच्याहत्तर वर्षं होणार. जुन्या नर्सचा सत्कार आहे. यादीत आत्या नाही. ऑफिस म्हणतं, कागद आणा, नाव घालतो. तीस एप्रिलपर्यंत. दवाखान्याची जुनी कागदपत्रं वाळवीने खाल्ली. राहिलं ते साप्ताहिक, आणि त्याचा एकुलता एक संच वाचनालयात. खुलासा नक्की कधी आला हे आत्याला आठवत नाही. चोरीनंतरच्या तीन वर्षांत केव्हातरी.
तिची परीक्षा आहे. म्हणाली, तू बघशील का, तुला काय, वेळच वेळ आहे.
किती प्रेमाने म्हणाली!

५ एप्रिल
माझं वाचनालयाचं सभासदत्व गेल्या वर्षीच रद्द झालंय. (ग्रंथपालांशी तात्त्विक मतभेद. खुर्ची आपोआप पडली.) तिने तिचं कार्ड दिलं. म्हणाली, जपून वापर रे.
ग्रंथपालांनी मला चष्म्यावरून पाहिलं, कार्ड पाहिलं, सुस्कारा सोडला. नियम : एका वेळी एक फाइल, रजिस्टरमध्ये कार्डवरचं नाव. मी तिचं नाव लिहिलं. माझ्या अक्षरात छान दिसतं. पुढे माझं आडनाव मनातल्या मनात लावून पाहिलं. बसतं.

८ एप्रिल
खुलासा शोधायला घेतला आणि काय सापडावं? आत्या सोळाव्या वर्षी तळ्यातली पोहण्याची शर्यत जिंकली. मुलांसकट सगळ्यांना मागे टाकून. बक्षीस : स्टीलचा तांब्या. दुसरा आलेल्या मुलाला मनगटी घड्याळ.
मग नर्सिंगला निवड. मग संपादकांना पत्र : दवाखान्यासमोरचा दिवा बंद आहे, रात्रपाळीच्या बायकांनी चाचपडत यायचं का? पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र. अकरा महिन्यांत अकरा पत्रं. बाराव्या महिन्यात बातमी : दिवा लागला, नगराध्यक्षांचे आभार.
वाचून माझंच डोकं तापलं. ग्रंथपालांना ऐकवलं. ते म्हणाले, हळू बोला.

९ एप्रिल
कल्पना सुचली. जबरदस्त.
चार ओळींचा खुलासा काय, कुणीही शोधेल. मी आत्याचं अख्खं आयुष्य शोधून तिच्या हातात ठेवणार! सगळी कात्रणं, एक जाडजूड अल्बम. सत्तावीसला तिचा वाढदिवस. अल्बम देणार आणि तेव्हाच विचारणार. नकार द्यायला माणसाला दगडाचं काळीज लागेल.
झेरॉक्सचा विचार केला. पण झेरॉक्स म्हणजे प्रेमात कंजुषी. अस्सल ते अस्सल. बाबांचं दाढीचं ब्लेड घेतलं.

१२ एप्रिल
ब्लेड चालवताना खोकायचं, म्हणजे आवाज जात नाही. ग्रंथपालांनी आज खोकल्याची गोळी दिली. माणूस वाईट नाही, पण वेळ चुकते त्यांची.

१५ एप्रिल
अल्बमच्या पुठ्ठ्यासाठी बाबांच्या दुकानातून प्लाय घेतला. कापला. चुकीच्या बाजूने कापला म्हणे. बाबा गिऱ्हाइकासमोर बोलले : सुताराच्या पोटी आलास आणि एवढं कळत नाही? आधी फळी उलटून बघायची, मग करवत लावायची. गिऱ्हाईक हसलं. मी करवत टाकून निघून आलो. दोन तास रागावर ताबा ठेवून नदीवर बसलो.
बाबांना सर्जनशील माणूस कळत नाही.

१८ एप्रिल
तिने विचारलं, सापडलं का? म्हटलं, शोध निर्णायक टप्प्यावर आहे. ती म्हणाली, आत्या रोज विचारते. कपाटातली पांढरी साडी काढून इस्त्री करून ठेवलीय.
मला साडीचं फार वाटलं. उद्यापासून फक्त खुलासा.

१९ एप्रिल
खुलासा शोधणं फार कंटाळवाणं. साप्ताहिक चार पानांचं. चौथ्या पानावर बाजारभाव, निधनवार्ता आणि असली बारीक अक्षरं. तिथे मान घालून तासन्‌तास बसायचं? तीनपैकी एका वर्षाची चौथी पानं पाहिली. नाही.
पण पुढच्या वर्षाची फाइल चाळताना तिसऱ्या पानावर साबणाची जाहिरात मिळाली. तिच्यात हा एवढा गुलाब! असा गुलाब आता छापत नाहीत. अल्बमच्या दर्शनी भागाला हाच. बदामाच्या आकारात कापला, सुबक. चार वेळा खोकलो.

२२ एप्रिल
चिकटवण्याचं काम पूर्ण. साधी खळ नाही, बाबांचा लाकडाचा डिंक. त्याची ख्याती अशी की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही. आमच्यासारखाच.

२४ एप्रिल
ती म्हणाली, सहा दिवस राहिले, खरं सांग, तिन्ही वर्षं पाहिलीस ना? मी म्हटलं, शपथ! त्यात काहीही नाही.
दोन वर्षांची चौथी पानं पाहायची राहिलीत. पण नसणार. माझं मन सांगतं.
ती मग म्हणाली, म्हणजे आत्या आमच्याशी इतकी वर्षं खोटं बोलली?
मी खांद्यावर हात ठेवणार होतो. तेवढ्यात तिची बस आली.

२६ एप्रिल
परीक्षा संपल्यावर ती घरी जाईल अशी माझी कल्पना. ती सरळ वाचनालयात गेली. सोबत वर्गातला तो चष्मेवाला. दोघांनी चौथी पानं लावून पाहिली. चष्मेवाल्याला सापडलं. (त्याला काय, दोन डोळे जास्त.)
चौथं पान, उजवा कोपरा. वर ठळक अक्षरात ‘खुलासा’. पहिली ओळ : ‘आमच्या अंकात सरकारी दवाखान्यातील परिचारिका…’ आणि मग बदाम. म्हणजे बदामाच्या आकाराचं भोक. भोकाखाली : ‘…बद्दल दिलगीर आहोत. संपादक.’
कुणाबद्दल, कशाबद्दल, ते सगळं गुलाबाच्या मागे.
फाइल आणखी उलटली. खिडक्याच खिडक्या. ग्रंथपालांनी रजिस्टर उघडलं. बावीस ठिकाणी तिचं नाव.
तिने माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, कार्ड ज्याचं, जबाबदारी त्याची. त्या मुलाला येऊन कबूल करू दे, मग बघू.
हे सगळं मला फोनवर सांगितलं चष्मेवाल्याने. ती बोलली नाही.

२७ एप्रिल
कबूल करायला निघालो. वाचनालयाच्या दारापर्यंत गेलो. आत ग्रंथपाल कुणाला तरी सांगत होते, त्या सुताराच्या दिवट्याने. दिवट्या! माझाही काही स्वाभिमान आहे. परत आलो.
वाढदिवसाचा अल्बम कॉटखाली.

२८ एप्रिल
आईचं भांडं चुलीवर ठेवून गुलाबाला वाफ दिली. तासभर. गुलाब निघाला, चिंध्या होऊन. डिंकाने शब्द सोडले नाहीत, अक्षरांचा पापुद्रा प्लायवर राहिला. उलटा. आरशासमोर धरला तर वाचता येतो : आत्याचं नाव. ‘चौकशीअंती पूर्णतः निर्दोष’.
आरशात वाचताना फळीमागे माझंही तोंड दिसत होतं. आरसा तिरका केला.

२९ एप्रिल
फळी घेऊन तिच्या घरी गेलो. ती बाहेर आली नाही. दार आत्याने उघडलं. मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना. ताठ बाई. फळी हातात घेतली, आतून हातआरसा आणला, उभ्या उभ्या वाचलं.
मी म्हटलं, आत्या, बघा, शेवटी शोधलं की नाही! त्या म्हणाल्या, बाळा, यात काय लिहिलंय ते मला पस्तीस वर्षं पाठ आहे. मला कुठे वाचायचं होतं? गावाला वाचायला लावायचं होतं.
मग विचारलं, कापलं कुणी?
मी म्हटलं, काय माहीत. लोकांना जुन्या गोष्टींची किंमत नसते.
त्यांनी फळी परत दिली. दार हळूच लावलं. मला दार आपटलेलं चाललं असतं.

३० एप्रिल
फळी दवाखान्याच्या ऑफिसात नेली. क्लार्क म्हणाला, हे उलटं आहे. म्हटलं, आरशात बघा. म्हणाला, आमच्याकडे आरसा नाही, आवक-जावक आहे. मी टेबलावर हात आपटला. शिपाई आला.
यादी पाचला लागली. अठरा नावं. आत्याचं नाही.

६ मे
साप्ताहिक अजून चालू आहे. चौथं पान, उजवा कोपरा : वाचनालयाचे दुर्मीळ अंक ब्लेडने कापल्याप्रकरणी महाविद्यालयीन तरुणीचं सभासदत्व रद्द. खाली तिचं नाव, आडनावासकट.
डोकं फिरलं! चौकशी न करता छापतात कसे? हीच यांची जुनी खोड. उद्या जातो आणि संपादकाची कॉलर धरतो. खुलासा छापायलाच लावतो, माझ्या सहीने.

७ मे
गेलो. संपादक शांतपणे म्हणाले, जरूर छापू. कुणी कापलं ते लिहा, खाली नाव-पत्ता आणि सही. कागद-पेन पुढे केलं.
पेन बरोबर चालत नव्हतं. घरून लिहून आणतो म्हटलं.

१३ मे
मसुदा तयार. ‘कापणारी व्यक्ती वेगळी असून तिचा हेतू उदात्त होता.’ भाषा चांगली साधलीय. सहीचं तेवढं राहिलंय.

२० मे
चौकात ती दिसली. तोंडाला ओढणी बांधलेली. पानवाला गिऱ्हाइकाला म्हणत होता, आत्याच्या वळणावर गेली. तिने ऐकलं. मीही ऐकलं. पानवाल्याला तिथेच धरणार होतो, पण उगाच तिचीच आणखी चर्चा झाली असती.
खुलासा पुढच्या अंकासाठी. नक्की.
सहा तारखेची बातमी आज कापून ठेवली. काही झालं तरी तिचं नाव छापून आलंय. कापण्याआधी पान उलटून पाहिलं. मागे काही महत्त्वाचं नव्हतं. माणूस चुकांतून शिकतो.